झाकली मूठ नव्वद टनांची

२०२०च्या टाळेबंदीत ज्या परदेशी पाहुण्यांनी आपल्या दिवाणखान्यांत मुक्काम ठोकला, त्यांत लाल डगले घातलेले आणि चित्रकार साल्वादोर दालीच्या मिशांचे मुखवटे लावलेले आठ स्पॅनिश चोरही होते. ‘ला कासा दे पापेल’, म्हणजे ‘कागदाचे घर’, हे त्या मालिकेचे मूळ नाव. आलेक्स पिना यांची ही मालिका मे २०१७ मध्ये स्पेनमधील एका दूरचित्रवाणी वाहिनीवर सुरू झाली. पुढे नेटफ्लिक्सने ती उचलली, ‘मनी हाइस्ट’ या नावाने जगभर पोहोचवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा अखेरचा भाग आला. पहिला दरोडा स्पेनच्या शाही टांकसाळीवर, दुसरा बँक ऑफ स्पेनवर. दोन्ही वेळा इमारतीला पोलिसांचा वेढा पडतो आणि दोन्ही वेळा चोर निसटतात.

मालिका पाहून उठलेल्या माणसाच्या मनात हमखास एकच प्रश्न घोळत राहतो, की हे लोक बाहेर पडले तरी कसे? पाहताना सगळे पटते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणाला समजावून सांगायला जावे, तर धागा हातातून सुटतो. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन, थोडे गणित आणि थोडा इतिहास हाताशी धरून ही पळवाट तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. ज्यांनी मालिका अद्याप पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी येथेच थांबणे इष्ट. कारण पुढे शेवट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

चोरी पळण्याची नव्हे, थांबण्याची

सामान्य दरोडेखोराला घाई असते. आत शिरायचे, हाताला लागेल ते उचलायचे आणि पोलिस येण्यापूर्वी पसार व्हायचे, हा त्याचा खाक्या. टांकसाळीच्या दरोड्याचा सूत्रधार ‘प्रोफेसर’ ही रीतच उलटी करतो. त्याला पोलिस यायलाच हवे असतात. त्याच्या टोळीला तिजोरीतील पैसे न्यायचे नाहीत, तर स्वतःसाठी नव्या नोटा छापायच्या आहेत. छपाईला वेळ लागतो आणि तो वेळ मिळवायचा तर ६७ ओलिसांना धरून वेढ्यात अडकल्याचे सोंग वठवणे भाग आहे. बाहेरच्या पोलिसांना वाटते, की चोर सापळ्यात सापडले आणि आता फक्त वाट पाहायची. वाट पाहणे हीच तर चोरांची खरी कमाई!

त्यांचे उद्दिष्ट अकरा दिवसांत २४० कोटी युरो छापण्याचे. पन्नास युरोच्या नोटांत याचा हिशेब केला तर ४ कोटी ८० लाख नोटा होतात. दिवसरात्र यंत्रे चालवली, तरी ताशी सुमारे एक लाख ऐंशी हजार नोटा छापून झाल्या पाहिजेत. यातली पहिली अडचण छपाईची. नोट एकाच फेरीत छापून होत नाही. पार्श्वभूमी, हाताला जाणवणारी उठावाची छपाई आणि क्रमांक या वेगवेगळ्या पायऱ्या असतात आणि मधल्या काळात शाई वाळू द्यावी लागते. मालिकेतील यंत्रे मात्र नोटांचे ताव भराभर बाहेर फेकत राहतात.

दुसरी अडचण वजनाची. मालिकेतील चोरांच्या हाती अखेर ९८ कोटी ४० लाख युरो लागतात. पन्नास युरोची नोट एका ग्रॅमहून किंचित हलकी असते. त्या हिशेबाने हा ऐवज साधारण १८ टनांचा होतो. वीस-वीस किलोची पोती केली, तर नऊशे पोती. सहा जणांनी ती भुयारातून वाहायची म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे खेपा. हे अशक्य नाही. पण दमछाक करणारे निश्चित आहे, आणि तेही पाठीमागून पोलिसांच्या गोळ्या येत असताना.

पळवाट ठरते ती भुयाराची. टांकसाळीच्या तिजोरीच्या खोलीतून खाली खोदत जायचे आणि प्रोफेसरने बाहेर घेऊन ठेवलेल्या एका मोठ्या गोदामात निघायचे. पोलिस दारे-खिडक्यांवर नेम धरून बसलेले असताना चोर जमिनीखालून जातात. बर्लिन मागे थांबून पोलिसांना रोखून धरतो आणि प्राण देतो, बाकीचे निसटतात.

या साऱ्यात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत परिणामकारक युक्ती आहे ती कपड्यांची. चोर स्वतः घालतात तेच लाल डगले आणि तेच मुखवटे ते ओलिसांनाही घालतात. नेमबाजाच्या दुर्बिणीत दिसणारा माणूस चोर की ओलीस, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मालिकेत याच गोंधळात पोलिसांची गोळी एका ओलिसाला लागते. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही आपली म्हण येथे शब्दशः खरी होते. आणि एकदा अशी चूक झाली, की पोलिसांचा हात पुढच्या प्रत्येक वेळी आखडतो. म्हणजे चोरांना आणखी काही तास मिळतात. भुयार मातीत खणले जाते तसे ते पोलिसांच्या या संकोचातही खणले जाते.

खरे चोर कोठे अडकले?

हे सगळे पटकथाकाराच्या डोक्यातून निघाले असे समजून सोडून द्यावे, तर प्रत्यक्षातले दरोडे आपल्याला थांबवतात. १३ जानेवारी २००६ रोजी अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सजवळच्या अकासुसो या श्रीमंत वस्तीतील एका बँकेत दरोडेखोर शिरले. तेवीस जण ओलीस, बाहेर शेकडो पोलिस, दूरचित्रवाणीचे कॅमेरे. आतून वाटाघाटी चालल्या होत्या, पोलिसांकडून पिझ्झा मागवला गेला. पुढे कितीतरी वेळ आतून उत्तर येईना, तेव्हा पोलिस आत घुसले. ओलीस सुखरूप होते, ग्राहकांच्या तिजोऱ्या फोडलेल्या होत्या आणि चोर मात्र नव्हते. तळघरात आधीच खणून ठेवलेल्या भोकातून ते पावसाळी पाण्याच्या मोठ्या गटारात उतरले होते आणि रबरी होडीतून निघून गेले होते. त्यांनी मागे टाकलेली शस्त्रे खेळण्यातली निघाली. येथेही युक्ती तीच. वेढ्याला सापळा न मानता पडदा मानायचे.

त्याच्या आधी ऑगस्ट २००५ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात मध्यवर्ती बँकेची तिजोरी फोडली गेली. चोरांनी जवळच एक घर भाड्याने घेऊन तेथे हिरवळ आणि कृत्रिम गवत पुरवणाऱ्या व्यवसायाची पाटी लावली. हिरवळवाल्याच्या दारातून मातीने भरलेल्या गाड्या गेल्या, तर कोणाला संशय येणार? सुमारे ८० मीटर लांबीच्या, आतून फळ्या ठोकलेल्या आणि दिवे लावलेल्या भुयारातून १६ कोटींहून अधिक रियाल बाहेर गेले. पन्नास रियालच्या त्या नोटांचे वजन साडेतीन टनांच्या घरात होते. बँकेच्या ध्यानात हे आले ते सोमवारी सकाळी. मालिकेतील १८ टन याच्या पाचपट आहेत. पण प्रकार मुळात अशक्य नाही, एवढे यावरून कळते.

आणि फार दूर कशाला जायचे? नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या दरोड्याची कथा स्पेनमध्ये संपत आली होती त्याच महिन्यात, नवी मुंबईच्या जुईनगरमध्ये एका बँकेच्या शाखेजवळचा गाळा भाड्याने घेऊन, वर दुकान थाटून, खालून भुयार खणून चोर लॉकरच्या खोलीत पोहोचले. तेथेही शनिवार-रविवारची सुटी साधली होती. सोमवारी बँक उघडली तेव्हा लॉकर फुटलेले होते.

या तिन्ही ठिकाणी चोर बाहेर पडले. भुयाराने कोणालाच दगा दिला नाही. दगा दिला तो पुढच्या दिवसांनी. अकासुसोच्या टोळीचा माग लागला तो एका चोराच्या पत्नीने पोलिसांना माहिती दिल्यामुळे. फोर्तालेझाच्या संशयितांपैकी एकाचे पैशासाठी अपहरण होऊन खून झाला, अनेक जण एकामागून एक पकडले गेले. बरीचशी रक्कम मात्र परत मिळाली नाही. जुईनगर प्रकरणातही पोलिसांनी लवकरच अटका केल्या. भुयार खणायला दहा-बारा माणसे लागतात आणि दहा-बारा माणसांचे तोंड आयुष्यभर बंद राहत नाही. म्हणूनच ‘मनी हाइस्ट’मधला प्रोफेसर एकमेकांची खरी नावे विचारायलाही बंदी घालतो. शहरांची नावे धारण करणारी ती माणसे हा नियम मोडतात, प्रेमात पडतात, आणि दुसऱ्या दरोड्याची वेळ त्यातूनच येते. एकाने जपून ठेवलेला उपग्रह दूरध्वनी वापरला जातो आणि रिओ पकडला जातो.

नव्वद टन आणि पाच हजार लिटर

दुसरा दरोडा सोन्याचा. बँक ऑफ स्पेनची सुवर्णतिजोरी माद्रिदच्या भूगर्भात सुमारे ३५ मीटर खोल आहे आणि घुसखोरी झाल्यास ती पाण्याने भरून जाईल अशी तिची ख्याती आहे. हे वर्णन मालिकेने वास्तवातूनच घेतले आहे. चोर पाण्यात उतरून ९० टन सोने वर काढतात, वितळवतात, त्याचे बारीक दाणे करतात, ते दाणे पाण्याबरोबर नळातून पावसाळी पाण्याच्या दूरच्या टाकीत पाठवतात आणि तेथे पुन्हा विटा ओततात. म्हणजे माणसे आतच आहेत, माल मात्र बाहेर गेला. पोलिस माणसांवर पहारा देत राहतात.

आता गणित. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. त्यामुळे ९० टन सोने मावते ते जेमतेम ४,६६० लिटर जागेत. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची पाच हजार लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. स्पेनचे ते सारे सोने तीत बसेल. गच्ची मात्र राहणार नाही! बँकांमधली प्रमाणित वीट सुमारे साडेबारा किलोची असते, म्हणजे साधारण ७,२०० विटा उचलाव्या लागतील.

वितळवणे वाटते तेवढे अवघड नाही. सोने १,०६४ अंश सेल्सियसला वितळते. पण त्याला तापवायला तुलनेने थोडी उष्णता पुरते. हिशेब केल्यास ९० टनांसाठी सुमारे पाच हजार युनिट वीज पुरे होते. भट्टीची निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर दहा हजार. महिन्याला अडीचशे युनिट वापरणाऱ्या चाळीस घरांचे हे महिन्याचे वीजबिल झाले. जनित्रावर तेवढी वीज काढायची तर अडीच-तीन हजार लिटर डिझेल लागेल. दोन-तीन दिवसांत हे काम उरकायला मोठ्या भट्ट्या आणि पुष्कळ मूशी लागतील. पण निसर्गनियम आड येत नाहीत.

आड येतो तो नळ. सराफकट्ट्यात झारेकरी लोक दुकानांच्या दारातली धूळ गोळा करून पाण्यात घोळवतात. माती वाहून जाते, सोन्याचे कण तळाशी राहतात. हजारो वर्षे माणसाने सोने मिळवले ते याच गुणावर. ते पाण्याबरोबर वाहून जात नाही, मागे राहते. प्रोफेसरला नेमके उलटे करायचे आहे. वाटाण्याएवढे दाणे नळाच्या प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर साचून बसतील. दाणे रव्यासारखे बारीक केले आणि पाण्याचा वेग भरपूर ठेवला, तरच काही शक्यता. मालिकेत हे काम ज्या सहजतेने होते, ती सहजता विज्ञानाची नाही, संकलकाच्या कात्रीची आहे.

शेवटची चाल

येथवर माल बाहेर गेला. पण माणसे आत अडकली आहेत. त्यातच ते सोने दुसरेच कोणी, बर्लिनचा मुलगा, पळवतो. आणि मग येते ती चाल, जिने प्रेक्षक सर्वाधिक गोंधळतो.

राखीव सोने देशाबाहेर गेल्याची बातमी फुटल्यावर स्पेनचे बाजार कोसळू लागतात. सरकार घायकुतीला येते. तेवढ्यात मालमोटारी भरून विटा बँकेच्या दारात परत येतात. सगळे जग हे दृश्य पाहते, बाजार सावरतो. विटा तपासल्यावर मात्र त्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेच्या निघतात. आता कर्नल तमायोपुढे दोन वाटा आहेत. चोरांना गजाआड करून विटा पितळेच्या असल्याचे जगाला कळू द्यायचे आणि देश बुडवायचा. किंवा सोने परत मिळाले असे जाहीर करून चोरांना ‘मृत’ ठरवायचे. तो दुसरी वाट धरतो. टोळी शवांच्या पिशव्यांतून बाहेर येते आणि नवी पारपत्रे घेऊन निघून जाते.

पदार्थविज्ञान येथे पुन्हा हरकत घेते. पितळेची घनता सोन्याच्या निम्म्याहूनही कमी. साडेबारा किलोच्या सोन्याच्या विटेएवढी पितळी वीट केली, तर ती भरेल जेमतेम साडेपाच किलो. ज्या सैनिकाने पहिली वीट उचलली, त्याच्या मनगटाला हे कळायला हवे होते. नव्वद टनांच्या जागी चाळीस टन भार वाहणाऱ्या गाड्यांच्या टायरांनाही ते कळले असते. सोन्याच्या वजनाशी बरोबरी करणारा स्वस्त धातू म्हणजे टंगस्टन. बनावट विटांत तो भरण्याचे प्रकार खरोखरच घडलेले आहेत. प्रोफेसरसारख्या हिशेबी माणसाने पितळ निवडावे, हे जरा नवलच.

पण क्षणभर विचार केला, की लक्षात येते: त्याला कोणाला कायमचे फसवायचे नव्हतेच. विटा पितळेच्या आहेत, हे सरकारला कळणे त्याच्या योजनेसाठी आवश्यक होते. फसायला हवा होता तो दूरचित्रवाणीवर गाड्या पाहणारा बाजार, आणि बाजार वीट उचलून पाहत नाही. सरकारला सत्य कळते, जगाला कळत नाही; या दोन गोष्टींमधल्या फटीतून टोळी बाहेर पडते. पहिल्या दरोड्यातले भुयार मातीचे होते, दुसऱ्यातले विश्वासाचे. आपल्याकडे याला म्हण आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रोफेसरने स्पेनची मूठ झाकून दिली आणि झाकून ठेवण्याची जबाबदारी पोलिसांवरच टाकली. अकासुसोच्या चोरांना जे जमले नाही ते त्याने साधले. त्याचे गुपित राखण्याची गरज आता त्याच्या साथीदारांपेक्षा सरकारलाच अधिक होती.

हे निव्वळ कल्पनारंजन म्हणावे, तर स्पेनचा इतिहासच साक्षीला उभा राहतो. यादवी युद्धाच्या काळात, १९३६च्या सप्टेंबरमध्ये, याच बँकेतले सोने गुप्तपणे माद्रिदबाहेर नेले गेले. ऑक्टोबरमध्ये कार्ताहेना बंदरातून चार सोव्हिएत जहाजांवर सुमारे ५१० टन सोने चढवले गेले आणि ते मॉस्कोला पोहोचले. युद्धसामग्रीच्या मोबदल्यात ते खर्ची पडले, परत आले नाही. ते नेणारे चोर नव्हते, देशाचे सरकारच होते. आणि त्या सरकारचीही पहिली चिंता गुप्ततेची होती. रिकामी तिजोरी शत्रूच्या हाती लागण्यापेक्षाही ती रिकामी असल्याची बातमी त्याच्या हाती लागणे घातक ठरले असते.

आपणही हे अनुभवले आहे. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईतून विमानाने इंग्लंडकडे रवाना झाले आणि ते बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून सुमारे चाळीस कोटी डॉलरचे कर्ज उभे केले गेले. बातमी फुटली आणि देशभर हलकल्लोळ झाला. हिशेबाने पाहिले तर ते साधे तारणकर्ज होते आणि काही महिन्यांत ते फेडलेही गेले. परंतु घरातले सोने गहाण पडले, ही भावना कोणत्याही आकडेवारीपेक्षा खोल गेली. ज्या सोन्याला आपण कधी पाहिले नाही, पाहणारही नाही, ते तेथे आहे एवढ्या विश्वासावर आपल्या खिशातली नोट हलकी वा जड होत असते.

म्हणून ‘ते बाहेर पडले कसे’ या प्रश्नाचे उत्तर भुयारात, नळात किंवा शवांच्या पिशवीत शोधणे पुरेसे नाही. छपाईचा वेग, दाण्यांचा आकार, पितळेचे वजन यांत मालिका अनेक ठिकाणी अडखळते, आणि बारकाईने पाहणाऱ्याला ती अडखळ दिसणारच. जेथे ती अचूक आहे ती जागा वेगळी आहे. तिजोरीला सर्वांत जाड दार पोलादाचे नसते. आत काय आहे हे कोणी तपासायला जात नाही, हे तिचे खरे दार. प्रोफेसरने ते फोडले नाही. ते उघडले तर काय होईल, एवढेच त्याने पहारेकऱ्याच्या कानात सांगितले, आणि पहारेकऱ्याने स्वतःहून त्याला वाट करून दिली.